साळुंकीचे पाय पिवळे

परवा सूनबाईला घेऊन हिंदमाताला गेले होते. पुतण्याचं लग्न ठरलंय. आहेराच्या साड्या, परकर, नि ओटीसाठी पन्नास ब्लाऊजपीस घ्यायचे होते. हल्ली सगळं घरबसल्या मोबाइलवर मागवता येतं म्हणतात. पण पन्नास ब्लाऊजपीस हाताने चाचपून, रंग उजेडात पाहून, भाव पाडून घ्यायचे तर हिंदमाताच!

दादरला पूर्वेकडे उतरावं, खोदादाद सर्कलवरून डॉ. आंबेडकर रस्त्याने परळच्या दिशेला चालू लागावं. वाटेतला चित्रा सिनेमा २०१९ साली बंद झाला. पुढे हिंदमाता. एका सिनेमाघरावरून या चौकाला हे नाव पडलं. आता डोक्यावरून उड्डाणपूल जातो, पण पुलाखाली दुकानांच्या रांगा आहेत त्याच. पांढऱ्या गाद्या, त्यांवर उलगडलेली थानं, आणि "या ताई, बघायला पैसे नाही पडत" असं म्हणणारी पोरं!

पावसाळ्यात मात्र इथे यायचं तर धाडस लागतं. हा भाग म्हणजे बशी. जोराची सर नि समुद्राची भरती एकदम आली की आजूबाजूचं सगळं पाणी इथे येऊन बसतं. २०२१ पासून ते पाणी प्रमोद महाजन उद्यानाखाली नि सेंट झेवियर मैदानाखाली बांधलेल्या मोठ्या टाक्यांत वळवायला सुरुवात झाली. आमच्या वेळी या टाक्या नव्हत्या. होता तो हातात उचलून धरलेला साडीचा घोळ!

सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हाला इथली गल्लीन्‌गल्ली कशी हो माहीत?"

मी नुसती हसले. तिला काय सांगू? एका पावसाळ्यात मी तीन आठवडे रोज हिंदमाताला येत होते, नि त्यातलं एकही दिवस कापड घ्यायला नव्हे!

ही १९८४ सालची गोष्ट. तेव्हा आम्ही डोंबिवलीला राहत होतो. सासूबाई, आम्ही दोघं, आमचा लहान मुलगा आणि माझी धाकटी नणंद. वन्सं तेव्हा पंचविशीच्या. दिवाळीत जिन्यापासून दारापर्यंत त्यांची रांगोळी असायची, नि ती बघायला खालच्या मजल्यावरच्या बायका वर यायच्या. त्यांचं लग्न जमत आलं होतं, ते मोडलं. त्यानंतर त्या हळूहळू गप्प झाल्या. आधी जेवण कमी झालं, मग झोप गेली, मग बोलणंच थांबलं. सकाळी खिडकीशी बसायच्या, त्या दिवे लागले तरी तिथेच. "वन्सं, चहा घेता?" म्हटलं तर जणू मी भिंतीशी बोलतेय!

आपण जे करतो ते सगळं आम्ही केलं. दृष्ट काढली, अंगारा लावला, कोणी सांगितलं म्हणून शनिवार धरले. "हवापालट करा" म्हणाले म्हणून मावशींकडे नेऊन आणलं. एकदा ह्यांनी चिडून "नाटकं पुरे" असंही म्हटलं, नि मग रात्री गॅलरीत एकटेच उभे राहिले.

डॉक्टरांकडे न्यायचं धैर्य मात्र होत नव्हतं. कारण तुम्हाला ठाऊकच आहे. मुंबईकडे कुणाला वेडं ठरवायचं तर "ह्याला ठाण्याला पाठवा" म्हणतात, पुण्याकडे येरवड्याचं नाव घेतात. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. आमची लोकल रोज ठाण्यावरून जायची, नि ते स्टेशन आलं की सासूबाई पदर सारखा करून दुसरीकडे बघायच्या. "एकदा का तिथलं नाव लागलं," त्या म्हणायच्या, "की तिचं लग्न गेलंच, आणि उद्या तुझ्या पोराच्या लग्नातही लोक तेच उकरून काढतील."

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच समजावलं. "ठाण्याला नका नेऊ हवं तर. परळला साध्या इस्पितळात मनाच्या आजारांचा वेगळा विभाग असतो. ताप आलेल्या माणसाला नेता तसंच न्यायचं." हे आम्हाला नवीनच होतं. पुढे वाचनात आलं की मुंबईत ही सोय बरीच जुनी आहे. जे. जे. इस्पितळात १९३८ साली डॉ. मसानींनी, आणि परळच्या के.ई.एम.मध्ये १९४७ साली डॉ. वहियांनी मानसोपचाराचं काम सुरू केलं होतं. या सोयीत एक मोठं शहाणपण आहे, मैत्रिणींनो. मोठाल्या भिंतीआड माणूस एकदा गेला की घरच्यांपासून तुटतो. साध्या इस्पितळाच्या वॉर्डात घरचं माणूस जवळ राहू शकतं. डबा नेता येतो, वेणी घालता येते.

परळच्या अशाच एका इस्पितळात वन्संना तीन आठवडे ठेवलं. रात्री सासूबाई, दिवसा मी. आता प्रश्न उरला शेजाऱ्यांचा. "वन्सं मावशीकडे गेल्यात" हे जमून गेलं. सासूबाई रात्री लेकीजवळ जायच्या, ते "भजनाला" म्हणून. पण मी रोज सकाळी डबा घेऊन कुठे जाते? सासूबाईंनीच तोड काढली. "सांग, हिंदमाताला जातेय. घरून ब्लाऊजपीस विकायचा धंदा काढलाय म्हणावं!"

आणि काय सांगू, तो धंदा खरोखर करावा लागला! समोरच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी साडीची चिंधी आणून दिली. "ह्या आमसुलीला मॅचिंग टू बाय टू रुबिया बघ गं." मग खालच्या मजल्यावरून मोरपंखी आली, शेजारच्या इमारतीतून पोपटी. इस्पितळातून निघताना मी अर्धा तास हिंदमाताला थांबून पीस घ्यायची. त्या अर्ध्या तासात मी इतकं शिकले की आजही कामाला येतं. रंग कधी दुकानातल्या ट्यूबखाली ठरवू नये, पायरीवर येऊन दिवसाच्या उजेडात पाहावा. गडद पीस असेल तर कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबावा. रुमाल रंगला तर पीस परत. थोराड बांध्याच्या बाईला ८० सेंटिमीटरचा पीस पुरत नाही, मीटरभरच घ्यावा.

हिंदमाताहून परळच्या इस्पितळांकडे चालत जायचं म्हणजे एका मुंबईतून दुसऱ्या मुंबईत जायचं. मागे लग्नाच्या साड्या, पुढे केसपेपरच्या रांगा. एकाच रस्त्यावर केवढ्या संस्था! जुन्या गव्हर्नरांच्या वाड्यात १८९९ साली प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली, ती हाफकिन संस्था. के.ई.एम. १९२६ सालचं. त्याच्या कॉलेजसाठी शेठ गोरधनदास सुंदरदासांच्या घरच्यांनी देणगी दिली ती "इथे शिकवणारे भारतीयच असावेत" या अटीवर. मुलांचं वाडिया १९२९ चं, टाटा १९४१ चं. टाटाच्या फुटपाथावर बिहार-बंगालपासून आलेली माणसं स्टोव्ह मांडून बसलेली असायची. पलीकडे जनावरांचं बाई साकरबाई इस्पितळ. तिथे गाई-घोड्यांबरोबर पाखरंही येतात. संक्रांतीच्या सुमारास मांज्याने पंख कापलेली पाखरं लोक टोपलीत घालून, वर रुमाल टाकून घेऊन येतात. मी तिथून जाताना मनात म्हणायची, पाखराला उघड्या टोपलीतून नेता येतं, आणि आम्हाला आमचं माणूस लपवून न्यावं लागतं!

आमच्या वॉर्डात गुरुवारी एक चित्रकार यायचे. साठीच्या घरातले, खादीचा झब्बा, खांद्याला शबनम. पहिल्या गुरुवारी मला वाटलं, हे आता सगळ्यांना ओळीत बसवून "घर काढा, झाड काढा" म्हणणार. छे! ते बाकावर बसायचे, कोणाकडे न बघता स्वतःच चित्र काढत राहायचे. जवळ कोरे कागद नि पेन्सिली ठेवलेल्या. ज्याला वाटेल त्याने घ्यावं, नाही तर नाही. काही जण गिरगोट्या काढत, एक आजोबा नुसते आकडे लिहीत. चित्रकार कोणाला "छान" म्हणत नसत नि "हे काय काढलंत?" असंही विचारत नसत.

दुसऱ्या गुरुवारी ते वन्संच्या कॉटशेजारच्या बाकावर बसले. बाहेर पावसाची झड. खिडकीच्या कठड्यावर एक साळुंकी अंग फुगवून बसली होती. त्यांचे कागद संपले होते, म्हणून उशाशी पडलेला एक जुना केसपेपर माझ्याकडून मागून घेतला. त्याच्या पाठीवर, खिशातल्या निळ्या बॉलपेनने, त्यांनी साळुंकी काढली. चार रेघांत तिचं ते गबदुल अंग नि तोऱ्यातली मान! मग कागद कॉटवर तसाच ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मी डब्यातला भात कालवत होते. इतक्यात आवाज आला, "पाय राहिले."

माझा हात भातातच थांबला. कित्येक आठवड्यांत त्या आवाजातला एकही शब्द मी ऐकला नव्हता. मला ओरडावंसं वाटलं, सासूबाईंना बोलवावंसं वाटलं, "वन्सं, बोललात!" म्हणून त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. पण चित्रकारांनी मान वळवली नाही. त्यांनी फक्त पेन कागदावर ठेवलं आणि सहज म्हणाले, "खरंच की. राहिलेच."

वन्संनी पेन उचललं. हात थरथरत होता, पण रांगोळीचा हात होता तो! दोन पाय, पुढे तीन-तीन बोटं नि मागे एक. मग पेन ठेवून म्हणाल्या, "पिवळे असतात. हे निळे झाले."

बस, तेवढंच. उरलेला दिवस त्या परत गप्प. पण मी घरी जाताना वाटेतल्या स्टेशनरीच्या दुकानातून मेणाच्या खडूंची पेटी घेतली. त्या दिवशी ब्लाऊजपीस आणायचे विसरले, आणि काकूंची बोलणी खाल्ली.

एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाही तर तुम्ही म्हणाल, चित्राने चमत्कार केला. मी आनंदाने डॉक्टरांना सांगायला गेले तेव्हा त्या बाईंनीच मला खाली बसवलं. म्हणाल्या, "औषधं लागू पडायला दोन-तीन आठवडे लागतात, ती आता लागू पडताहेत. चित्राने आजार बरा होत नाही. पण बोलावंसं वाटायला लागलं की दार कुठे तरी उघडं असावं लागतं. तुम्ही सगळे रात्रंदिवस बोल-बोल म्हणत होतात. त्यांनी काही मागितलंच नाही."

हे मला चांगलंच लागलं. कारण आम्ही खरोखरच तसं करत होतो. "काहीतरी बोल," "हस बरं," "आमच्यासाठी दोन घास खा." प्रेमानेच, पण मागणंच ते!

पुष्कळ वर्षांनी एडवर्ड अ‍ॅडमसन यांच्याविषयी वाचलं तेव्हा आमच्या गुरुवारच्या चित्रकारांची आठवण झाली. अ‍ॅडमसन हे इंग्लंडमधले चित्रकार. १९४६ साली सरे परगण्यातल्या नेदर्न मनोरुग्णालयात ते नामांकित चित्रांच्या प्रती दाखवायला गेले, आणि मग तिथेच रमले, ते थेट १९८१ पर्यंत. तिथल्या एका रुग्णाने जळलेल्या आगकाडीच्या कोळशाने, शौचालयातल्या कागदावर माणसं नि जनावरं काढली होती. दुसरं साधनच हातात नव्हतं! अ‍ॅडमसननी असे कागद जपून ठेवले. शिकवायचं नाही, अर्थ लावायचा नाही, फक्त जागा नि रंग द्यायचे नि जवळ असायचं, ही त्यांची रीत. त्याच १९४६ साली ब्राझीलमध्ये डॉ. नीझे द सिल्वेरा या बाईंनी रुग्णांना विजेचे झटके द्यायचं नाकारलं आणि इस्पितळात चित्रशाळा उघडली. त्या चित्रांचं १९५२ साली संग्रहालय झालं.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे सात वर्षांचे असताना आई गेली नि त्यांचं बोलणं बंद झालं. कित्येक वर्षं ते धुळीत चित्रं काढूनच सगळं सांगत. लग्नघरच्या भिंतीवर बायकांनी काढायची वारली चित्रं या माणसाने जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. बोलणं बंद झालं म्हणजे माणसाचं सांगायचं संपलं असं नाही, एवढं त्यांच्याकडून आपण नक्की शिकावं.

तर तिसऱ्या गुरुवारी वन्संनी पिवळ्या खडूने पाय रंगवले, चोच रंगवली, डोळ्याभोवतीचा पट्टा रंगवला. मला म्हणाल्या, "वहिनी, घरी न्या. इथे हरवेल."

नेमका त्याच संध्याकाळी धो-धो पाऊस. हिंदमाताला पोचते तो गुडघाभर पाणी. दुकानदार माल वरच्या फळ्यांवर चढवत होते. काकूंच्या आमसुली रुबियासकट सहा पीस माझ्या पिशवीत होते. दुकानाच्या पायरीवर उभं राहून मी कागदाची घडी प्लास्टिकमध्ये गुंडाळली, पोलक्यात खोचली, नि कशीबशी दादर गाठलं. डोंबिवलीला पोचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पीस चिंब, चित्र कोरडं!

जिन्यात काकू काळजीने वाट पाहत उभ्या. माझ्या हातातली पिशवी घेऊन पीस पिळायला त्या आमच्या मोरीत शिरल्या. मी ओलं लुगडं बदलायला गेले, तेव्हा कागद काढून दिवाणावर ठेवला. परत येते तो काकूंच्या हातात तो कागद. एका बाजूला साळुंकी आणि दुसऱ्या बाजूला छापलेलं इस्पितळाचं नाव, विभागाचं नाव, वन्संचं नाव.

काकूंनी कागद जागच्या जागी ठेवला. "पीस दोरीवर घातलेत गं," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

आठ दिवस त्या आल्या नाहीत. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. "एक कागद सांभाळता आला नाही तुला!" मला वाटलं, आता सगळ्या इमारतीला कळलं. नवव्या दिवशी दुपारी काकू आल्या, दार ओढून घेतलं, स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या त्या हिंदमाताला... कोणत्या वारी जायचं असतं? माझ्या भावाला न्यायचंय. चार वर्षं झाली, आम्ही त्याला माळ्यावरच्या खोलीत ठेवलंय."

मी ओंजळीत तोंड लपवून रडले. मग आम्ही दोघींनी चहा घेतला.

वन्सं घरी आल्या. सगळं गोड झालं असं मात्र नाही. दीड वर्षाने बरं वाटतंय म्हणून त्यांनी मनानेच गोळ्या सोडल्या, आणि पुन्हा तेच सगळं झालं, पुन्हा परळ. औषध आपल्या मनाने बंद करू नये, हे आम्ही असं पोळून शिकलो. लग्न त्यांचं झालं नाही. दोन ठिकाणी आम्ही खरं सांगितलं, तिथून निरोप आला नाही. पण पुढे वीस वर्षं त्यांनी बालवाडी चालवली. वर्गातल्या गप्प बसणाऱ्या मुलाला त्या कधी "बोल" म्हणाल्या नाहीत. समोर खडू ठेवायच्या.

आता काळ बदललाय. १९१२ चा जुना कायदा वेडाच्या नावानेच होता. तो जाऊन १९८७ चा आला, आणि त्याच्या जागी २०१७ चा. हा नवा कायदा २०१८ पासून लागू झाला नि त्यात उपचार हा माणसाचा हक्क मानलाय. १४४१६ हा टेली-मानसचा फुकट दूरध्वनी २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. घरात कोणी गप्प गप्प होत असेल, झोप-जेवण तुटलं असेल, जगणं नकोसं झालंय असं बोलत असेल, तर शनिवार धरत बसू नका. फोन करा, नाही तर सरळ जवळच्या मोठ्या इस्पितळात न्या. आणि शेजारणीला काय सांगायचं ते नंतर ठरवा. कोण जाणे, तिलाही काही विचारायचं असेल.

साळुंकीचा तो कागद माझ्या साड्यांच्या ट्रंकेत आहे. मेणाच्या खडूचा पिवळा डाग एका पांढऱ्या साडीला लागला, तो कशानेही निघत नाही. मी काढायचा नादही सोडला.

हे सगळं परवा हिंदमाताच्या गादीवर बसून मी सूनबाईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, आत्यांची साडी राहिली ना?" खरंच, करवलीचा मान आत्यांचा! निघताना वन्संनी बजावून सांगितलं होतं, मोरपंखी नको, पोपटी नको, मला साळुंकी रंगाची आणा.

दुकानातला पोरगा गोंधळला. "साळुंकी कलर? तो कसला, आजी?"

"तपकिरी दाखव," मी म्हटलं, "आणि काठ पिवळा हवा. उजेडात आण बघू."